पोटाची स्थळप्रत

थोरल्यांचं पोट एका परदेशी विद्यापीठाला हवं आहे, ही बातमी चार मजल्यांच्या इमारतीत पसरायला एका चहाचाही वेळ लागला नाही. पहिल्या मजल्यावर ती पोचली तेव्हा पोट नुसतं तपासायला हवं होतं. तिसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत ते काढून काचेच्या बरणीत ठेवणार असल्याचं ठरलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई तर खाली येऊन थोरल्यांच्या बायकोचा हात हातात घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, हल्ली विज्ञान खूप पुढे गेलंय, काळजी करू नका.

खरी हकिगत एवढी भयानक नव्हती. थोरले आणि धाकटा हे जुळे भाऊ. थोरले अकरा मिनिटांनी मोठे, आणि त्या अकरा मिनिटांचा मान त्यांनी त्रेसष्ट वर्षांत एकदाही खाली ठेवलेला नाही. धाकटा बॉयलरचा इंजिनियर. पस्तीस वर्षांपूर्वी एका थंड देशात गेला आणि तिथेच एकटा राहिला. नऊ वर्षांपूर्वी तो पंधरा दिवसांसाठी घरी आला, त्यातले अकरा दिवस संडासात काढले, आणि जाताना म्हणाला, "दादा, तुमच्या घरचं पाणी मला आता सोसत नाही. आपली पोटं वेगळी झाली." तेव्हापासून तो आला नव्हता. दर रविवारी फोन करायचा, तासभर बोलायचा, पण थोरल्यांनी "कधी येतोस?" म्हटलं की पोटाचा विषय काढायचा. 'पोटं वेगळी झाली' हे वाक्य थोरल्यांना नऊ वर्षं सलत होतं. घराच्या वाटण्या झालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या, शेतांच्या पाहिल्या होत्या. पोटाची वाटणी त्यांनी पहिल्यांदाच ऐकली होती.

त्यांच्या बायकोला मात्र त्यातलं पाण्याचं बोलणं लागलं होतं. तिच्या हातचं जेवून, तिच्या माठातलं पाणी पिऊन आजवर कोणी आजारी पडलं नव्हतं. त्या दिवसापासून ती घरातलं सगळं पाणी दोनदा उकळायची. कारण कोणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

अशात विद्यापीठाचं पत्र आलं. गरम देशात राहणाऱ्यांच्या आणि थंड देशात राहणाऱ्यांच्या आतड्यांत काय फरक असतो, याचा तिथले एक प्राध्यापक अभ्यास करत होते, आणि त्यांना जुळी भावंडं हवी होती: एक इकडचं, एक तिकडचं. धाकट्याने दोघांची नावं कळवून टाकली होती. थोरल्यांनी सात दिवस काय खाल्लं ते लिहून ठेवायचं आणि आठव्या दिवशी आपला नमुना सोबतच्या नळीत भरून पाठवायचा. धाकट्याने तिकडून तेच करायचं.

थोरल्यांनी पत्र तीनदा वाचलं आणि बायकोला म्हणाले, "आता बघ. अहवालात दोघांची पोटं सारखी निघाली की त्याला यायलाच लागेल. बोलायला जागाच राहणार नाही."

"आणि वेगळी निघाली तर?" बायको म्हणाली.

थोरल्यांनी चहा मागितला.

इथे थोरल्यांच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला. थोरले एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं आवक-जावक विभागात होते. आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत, गेलेला प्रत्येक कागद जावक नोंदवहीत. आणि गेलेल्या प्रत्येक कागदाची एक प्रत आपल्याकडे, तिचं नाव स्थळप्रत. साहेब बदलले, टेबलं बदलली, एकदा तर इमारत बदलली, पण थोरल्यांच्या हातून स्थळप्रत न ठेवता एकही कागद बाहेर गेला नाही. त्यांना निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी ते वाणसामानाची यादी दोन प्रतींत करत.

अशा माणसाला विद्यापीठाने खाण्याची नोंद ठेवायला सांगितली. थोरल्यांनी त्याच दुपारी एक जाड वही आणून आखली. डाव्या पानावर आवक, उजव्या पानावर जावक. मध्ये कार्बन घालून खाली दुसरी प्रत. वही आखून झाल्यावर त्यांना जाणवलं की मानवी देह मुळात त्यांच्या कचेरीच्या नमुन्यावरच बांधलेला आहे, फक्त मधल्या काळात फाइल कुठे असते ते कोणालाच सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. तळमजल्यावर एक निवृत्त औषधविक्रेते राहत, त्यांना सगळे औषधवाले म्हणत. त्यांनी थोरल्यांना जिन्यातच गाठून समजावलं की आपल्याकडच्या माणसाच्या आतड्यात नाना तऱ्हेचे जंतू नांदतात, गजबजलेली वस्ती असते. तुमच्या भावाच्या आतड्यात मात्र अर्ध्या खोल्या रिकाम्या असणार. थोरल्यांना हे ऐकून आधी अभिमान वाटला आणि मग धाकट्याबद्दल वाईट वाटलं. औषधवाल्यांचं म्हणणं, नमुना पाठवण्याआधी एक जंताची गोळी घ्या, उगाच परक्यांपुढे पसारा नको. मुख्याध्यापिका बाईंचं म्हणणं नेमकं उलट: काही झाकू नका, पण सात दिवस हलकं खा, म्हणजे हलक्या हाताने लिहिलं की अक्षर चांगलं येतं, तसं ते चांगलं येईल. तिसऱ्या मजल्यावरून एक वाटी आली, चौथ्यावरून एक वाडगा आला. संशोधनात आपल्याही घरचं काहीतरी असावं, असं प्रत्येकाला वाटत होतं. थोरले सगळं खात होते आणि प्रत्येक वाटीसमोर मजला क्रमांक लिहीत होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पेच पडला.

थोरले रोज पाच वाजता पाय मोकळे करायला जात. डॉक्टरांनी साखर बंद केली होती आणि चालायला सांगितलं होतं. ते चालत होते हे खरं. चालत कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत जात होते हेही खरं. हे दुसरं सत्य घरात माहीत नव्हतं. त्या दिवशी ते परत आले, वही उघडली आणि पेन हातात घेऊन दहा मिनिटं बसून राहिले. न लिहावं तर नोंद खोटी. लिहावं तर वही स्वयंपाकघराच्या फडताळावर असते. चौतीस वर्षांत जे केलं नाही ते आता कसं करणार, असं म्हणून त्यांनी लिहिलं: "सायं. ५.१०, क्रीमरोल, नग दोन." अक्षर मात्र शक्य तितकं बारीक काढलं.

बायकोला मोठं अक्षर वाचायला चष्मा लागतो. बारीक तिला तसंच वाचता येतं. तिने वही वाचली, मिटली, जागेवर ठेवली. जेवण वाढलं. थोरल्यांनी दुसरा घास घेतल्यावर शांतपणे विचारलं, "अहो, नऊ वर्षांपूर्वी भावोजी आले होते, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तुम्ही दोघं पाय मोकळे करायला गेला होतात ना?"

घास तिथेच थांबला.

"किती?" बायको म्हणाली.

"मी चार."

"आणि त्यांनी?"

"सात," थोरले म्हणाले. "पण मला काही झालं नव्हतं. म्हणून मला वाटलं, क्रीमरोलचा काही संबंध नसावा." हे त्यांनी नऊ वर्षं स्वतःला सांगितलं होतं आणि तोपर्यंत ते बरंच पटतही होतं. मोठ्याने म्हटल्यावर पटेनासं झालं.

बायको आरडाओरडा करणाऱ्यांपैकी नाही. केला असता तर थोरल्यांना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मी नऊ वर्षं पाणी दोनदा उकळते आहे." मग ताट उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने निकाल दिला: भावोजींनी इथे यायचं, माझ्यासमोर उभं राहायचं आणि पाण्याचं काय ते सांगायचं. तोवर या विषयावर तिला कोणाशी बोलायचं नव्हतं, आणि थोरल्यांशी तर इतर विषयांवरही जेमतेमच.

म्हणजे आता धाकट्याला आणायचं होतं ते नुसत्या मायेपोटी नव्हे. घरात पुन्हा नीट चहा मिळायचा असेल तर तो येणं भागच होतं.

आठवा दिवस उजाडला. नळी तयार, तिच्यावर चिकटवायच्या चिठ्ठ्या तयार, वही तयार, आणि थोरल्यांचं पोट संपावर. त्रेसष्ट वर्षं घड्याळ लावून घ्यावं इतकं वक्तशीर पोट, पण इतक्या लोकांचं लक्ष असताना त्याला काम जमेना. सकाळ गेली, दुपार गेली. नववा दिवसही तसाच. जिन्यात भेटेल तो भुवया उंचावून विचारी, "झालं का?" मुख्याध्यापिका बाईंनी तर वरच्या खिडकीतून रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. वर्गात उत्तर यायला उशीर झाला की त्या ज्या आवाजात विचारत असतील, तोच आवाज होता. थोरल्यांनी मान खाली घातली. नोकरीत असताना त्यांच्या टेबलावर एकही काम प्रलंबित राहिलं नव्हतं, आणि निवृत्तीनंतर हे असं.

औषधवाले एक पांढरी पूड घेऊन आले. अर्ध्या तासात मोकळं, अशी त्यांची हमी होती. थोरल्यांनी ती बाणेदारपणे परत केली. पूड घेऊन दिलेला नमुना म्हणजे दबावाखाली दिलेली जबानी, ती कोणी ग्राह्य धरणार नाही, असं त्यांचं मत पडलं.

दहावा दिवस रविवार होता. सकाळी धाकट्याचा फोन आला. थोरल्यांनी खालमानेने सगळी परिस्थिती सांगितली. पलीकडे धाकटा हसायला लागला. त्याने लहानपणीची आठवण काढली: सहलीच्या दिवशी दोघं एकाच वेळी संडासाच्या दाराशी पोचायचे, आणि थोरले अकरा मिनिटांचं ज्येष्ठत्व सांगून आधी आत शिरायचे आणि आतून गाणी म्हणायचे. बाहेर धाकटा दारावर तबला वाजवायचा. "दादा, मी इथून वाजवू का?" त्याने विचारलं आणि खरोखरच फोनवर टेबल बडवायला लागला. थोरले हसले. नऊ वर्षांत हसले नव्हते इतके हसले. आणि हसता हसता एकदम गंभीर होऊन म्हणाले, "ठेव, ठेव फोन."

त्या सकाळी इमारतीत जो आनंद झाला तो परीक्षेच्या निकालालाही होत नाही. औषधवाल्यांनी पूड कपाटात ठेवून दिली.

आता या कथेतली मुख्य चूक. विद्यापीठाने पत्रासोबत पाठवलेल्या पेटीत नळ्या दोन होत्या. एक सांडली-फुटली तर असावी म्हणून. आणि चिकटवायच्या चिठ्ठ्याही दोन होत्या, एकीवर १, दुसरीवर २. थोरल्या भावाने १ लावायची, धाकट्याने २, आणि चुकून गहाळ होऊ नये म्हणून दोघांनाही दोन्ही दिलेल्या. हे पुस्तिकेच्या नवव्या पानावर लिहिलं होतं. थोरल्यांनी नववं पान वाचलं नाही, कारण त्यांना वाचायची गरजच वाटली नाही. दोन नळ्या, दोन चिठ्ठ्या: एक मूळ, एक स्थळप्रत. जगात दुसरा कुठलाही माणूस असता तर त्याच्या मनात हे आलं नसतं. थोरल्यांना मात्र ते इतकं स्वाभाविक वाटलं की त्यांना त्या परक्या विद्यापीठाबद्दल आदर दाटून आला. शिस्त कळणारी माणसं आहेत, असं ते बायकोला म्हणालेही. त्यांनी दोन्ही नळ्या भरल्या, दोन्ही चिठ्ठ्या लावल्या आणि क्रमांक २ ची नळी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून, डब्यावर 'स्थळप्रत' असं लिहून फ्रिजमध्ये ठेवली.

बायकोने त्या आठवड्यात पहिल्यांदा आपणहून तोंड उघडलं. "हे किती वर्षं ठेवायचं?"

"नियमाने पाच," थोरले म्हणाले.

मूळ प्रत घेऊन ते कुरिअरच्या कचेरीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज पुढे सरकवला. वस्तूचं नाव? थोरल्यांनी 'नमुना' लिहिलं. कशाचा नमुना? मागे रांगेत सात माणसं होती. थोरले पुढे वाकून हळू आवाजात बोलले. बाई पंचवीस वर्षं त्या खुर्चीवर असाव्यात. त्यांची पापणीही लवली नाही. त्यांनी पुढचा रकाना विचारला, उत्पादक कोण? थोरले म्हणाले, "मी." मग उत्पादकाचा दाखला लागेल, बाई म्हणाल्या.

थोरले चौतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते. दाखला नाही, उद्या या. सही अपुरी, सोमवारी या. ही वाक्यं त्यांनी हजारदा उच्चारली होती आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. आज तो चेहरा त्यांचा स्वतःचा होता. ते बाजूच्या बाकावर बसले आणि त्यांनी दाखला लिहिला: 'प्रमाणित करण्यात येते की, सोबतचा माल खाली सही करणाराने स्वतः, कोणाच्याही दबावाविना, तयार केलेला आहे.' बाईंनी तो वाचला, शिक्का मारला. शेवटचा रकाना होता: विक्रीसाठी की भेट? थोरल्यांनी थोडा विचार करून 'भेट' वर खूण केली. भावासाठीच तर चाललं होतं सगळं.

आणि इतकं करूनही एक सही राहिलीच. दोन दिवसांनी संध्याकाळी कुरिअरचा माणूस गार पेटी खांद्याला लावून दारात उभा राहिला. थोरले पाय मोकळे करायला गेले होते. बायकोने अर्ज पाहिला. सही राहिल्याचं थोरल्यांना कळलं तर ते आठवडाभर अंथरूण धरतील, हे तिला माहीत होतं. तिने त्यांच्या वतीने सही केली. मग त्या माणसाने सहज विचारलं, त्या विद्यापीठाचं आणखी काही पाठवायचं राहिलंय का? बायकोने फ्रिजकडे पाहिलं. असा योग पुन्हा येणार नव्हता. तिने आइस्क्रीमचा डबा आणि वहीची कार्बनप्रत त्याच्या हवाली केली, आणि पाच वर्षांचा प्रश्न पाच मिनिटांत मिटला.

"स्थळप्रत कुठे गेली?" थोरल्यांनी आल्यावर विचारलं.

"गेली," बायको म्हणाली. थोरल्यांनी त्याचा अर्थ कचऱ्यात गेली असा घेतला आणि दोन दिवस फ्रिजकडे पाठ करून जेवले.

सात आठवडे गेले. मग एका बुधवारी दुपारी फोन वाजला. धाकट्याचा फोन रविवारी येतो. बुधवारी आला म्हणून थोरल्यांनी तो उभं राहूनच घेतला.

"दादा, अहवाल आला," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "एकसारखी आहेत. अगदी एकसारखी. इतक्या लांब राहिलेल्या दोन माणसांत इतकं साम्य त्या प्राध्यापकांनी आजवर पाहिलेलं नाही म्हणे." मग जरा थांबून म्हणाला, "मी येतोय."

थोरले "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि चपलांच्या फळीवरच बसले. डोळे पुसायला रुमाल सापडेना, तेव्हा शर्टाची बाही वापरली.

धाकटा आला. दारातच वहिनीने पाण्याचा पेला पुढे केला. दोनदा उकळलेलं, माठात गार केलेलं. औषधवाले, मुख्याध्यापिका बाई आणि बाकी मजल्यांवरची माणसं जिन्यात उभी राहून पाहत होती. धाकट्याने पेल्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि एका दमात पेला रिकामा केला. पुढचे तीन दिवस तो जे समोर येईल ते खात होता. वाट्या, वाडगे, सगळ्या मजल्यांचं. थोरल्यांनी नऊ वर्षांची कसर भरून काढायची ठरवलं होतं. धाकट्याने एक पोळी घेतली की ते दोन घेत. धाकटा ठणठणीत राहिला.

चौथ्या दिवशी थोरल्यांचं पोट बिघडलं.

सगळ्या गरम देशांच्या वतीने ज्या पोटाने नमुना पाठवला, जे पोट एका परदेशी प्राध्यापकाला थक्क करून आलं, ते आडवं झालं, आणि ज्याच्या खोल्या अर्ध्या रिकाम्या होत्या तो उशाशी बसून त्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजत होता. इमारतीला हा धक्का पचवणं जड गेलं. औषधवाले म्हणाले, आनंदाचं अजीर्ण आहे, उतरेल.

त्याच दिवशी विद्यापीठाचं जाड पाकीट टपालाने आलं. दुसरा कोणी असता तर त्याने अहवाल वाचला असता. थोरल्यांनी आधी सोबतच्या पोचपावत्या पाहिल्या, कारण पत्राआधी पोच पाहायची ही त्यांची जुनी सवय. पोच क्रमांक १: पाठवणाऱ्याचा पत्ता, त्यांचा. पोच क्रमांक २: पाठवणाऱ्याचा पत्ता, पुन्हा त्यांचाच. सोबत वहीची कार्बनप्रत, तिच्यात बारीक अक्षरात क्रीमरोल, नग दोन. थोरल्यांनी दोन्ही पावत्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि पुन्हा एकदा वाचल्या. विद्यापीठाने त्यांच्या पोटाची त्यांच्याच पोटाशी तुलना केली होती. मूळ प्रत स्थळप्रतीबरहुकूम आहे, एवढंच काय ते सिद्ध झालं होतं.

न सांगताही निभावलं असतं. भाऊ आला होता, हसत होता, जेवत होता. पण नोंद चुकीची होती. थोरले उशीला टेकून बसले आणि म्हणाले, "तुला एक सांगायचंय. तो अहवाल खोटा आहे. दोन्ही नमुने माझेच गेले. तुझा कुठे गेला ते मला माहीत नाही."

धाकट्याने पाण्याचा पेला खाली ठेवला, उठून आपली बॅग उघडली आणि तळातून एक पेटी काढली. तिचं सील तसंच होतं.

"मी पाठवलाच नाही," तो म्हणाला. "सात दिवस लिहिलं, आठव्या दिवशी पेटी हातात घेतली, आणि हिंमत झाली नाही. खरंच वेगळी निघाली असती तर, दादा? मग मी कुठल्या तोंडाने आलो असतो?" तो पेटीशी चाळा करत राहिला. "अहवाल आला तेव्हाच मला कळलं की दोन्हीकडे तूच आहेस. पण हातात कागद आला होता ना. कागद असला की काम अडत नाही, असं तूच सांगायचास."

 थोरल्यांनी भावाचा हात धरला. 

दारात बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. कबुल्याच चालल्या आहेत तर माझीही घ्या, असं म्हणून तिने कुरिअरच्या माणसाची हकिगत सांगितली. मग खुर्ची ओढून धाकट्यासमोर बसली. "आता भावोजी, क्रीमरोलचं बोला."

धाकट्याने भावाकडे पाहिलं. थोरल्यांनी छताकडे पाहिलं.

"सात," धाकटा म्हणाला. कान लाल झाले होते. "चोरून खाल्ले होते, सांगायची लाज वाटली. म्हणून पाण्यावर ढकललं. एकदा म्हणून गेलो आणि मग मागे घेता येईना. पाण्यात काही नव्हतं, वहिनी. पाणी चांगलंच होतं."

 बायको उठली, खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि पाठ करून डोळे पुसले. मग तिने चहा टाकला, तिघांचा, आणि थोरल्यांच्या चहात आलं घातलं.

थोरल्यांनी बरं वाटल्याबरोबर पहिलं काम केलं ते विद्यापीठाला शुद्धिपत्र पाठवण्याचं: क्रमांक १ आणि क्रमांक २ हे एकाच इसमाचे असून, सदर इसम झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे. मागाहून धाकट्याचा खरा नमुना गेला. तो त्याने आल्यापासून विसाव्या दिवशी, पहिल्याच प्रयत्नात, थोरले दारावर तबला वाजवत असताना दिला. काउंटरवरच्या बाईंनी या वेळी उत्पादक कोण असं विचारलं नाही. दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

प्राध्यापकांचं उत्तर यायला महिना लागला, तोवर धाकट्याने परतीचं तिकीट दोनदा पुढे ढकललं. पत्राचा पहिला परिच्छेद रागाचा होता. दुसऱ्यात मात्र त्यांची उत्सुकता लपत नव्हती. धाकट्याचं पोट थोरल्यांच्यासारखं नाही, आणि त्याच्या थंड देशातल्या शेजाऱ्यांसारखंही राहिलेलं नाही. ते वाटेत कुठेतरी आहे. ते कुठवर जातं हे पाहायची संधी फार थोड्यांना मिळते. तरी धाकट्याने शक्य असल्यास आणखी सहा महिने भावाकडेच राहावं आणि दर महिन्याला नमुना पाठवावा. धाकट्याने ते पत्र तीनदा वाचलं आणि म्हणाला, आता विज्ञानच म्हणतंय तर माझा नाइलाज आहे. थोरल्यांनी पत्राला आवक क्रमांक टाकला.

त्या संध्याकाळी पाच वाजता तिघंही पाय मोकळे करायला गेले. बेकरीवाल्याने दोघा भावांना पाहून न विचारता बशी पुढे केली आणि मागे तिसरी व्यक्ती दिसल्यावर चपळाईने ती परत आत घेतली. बायकोने बशी परत मागितली. एक क्रीमरोल उचलला, सगळीकडून नीट पाहिला आणि चावला. दोघं भाऊ श्वास रोखून उभे होते.

"ह्याच्यासाठी नऊ वर्षं?" ती म्हणाली.

दोघांनी माना खाली घातल्या. तिने तो संपवला, बोटं पुसली आणि दुसरा घेतला. थोरल्यांनी पिशवीतून वही काढून नोंद केली, या वेळी नेहमीच्या अक्षरात. मग तिघं रमतगमत घरी आले, आणि त्या दिवसापासून तिने पाणी एकदाच उकळलं.